मेडिकलची तपासणी : निरीक्षक काय पाहतो, आपण काय पाहायचे?

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाला बॅच नंबर म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. कच्च्या मालाचे पिंप आत आले की आधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल आला की मगच ते पिंप पुढे सरकते आणि तयार मालाच्या प्रत्येक बॅचचा हिशेब कागदावर राहतो. पण हाच माणूस पाळी सुटल्यावर महामार्गालगतच्या मेडिकलमध्ये जातो, ‘खोकल्याचे काहीतरी द्या’ म्हणतो, मिळालेली बाटली पिशवीत टाकतो आणि बिल न घेताच घरी जातो. हा माल कुठून आला, कोणत्या बॅचचा, कोणी तपासला, हे प्रश्न तो कारखान्यात रोज विचारतो. मुलाच्या औषधाबाबत मात्र एकदाही विचारत नाही.

यामागे एक विश्वास असतो. दुकानाला परवाना आहे, सरकारचा माणूस तपासायला येतो, मग आपण कशाला डोके चालवायचे? हा विश्वास अगदीच खोटा नाही. पण ही तपासणी नेमकी कशाची होते, किती वेळा होते, तिच्यात काय सापडते आणि काय निसटते, हे माहीत असलेले बरे. लोटे, आवाशी, गुणदे, घाणेखुंट, असगणी, पीरलोटे या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांसाठी किरकोळ दुखण्यात पहिला ‘डॉक्टर’ मेडिकलवालाच असतो. म्हणून हा विषय आपल्या दारातला आहे.

एकच रसायन, दोन दर्जे

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून बातम्या येऊ लागल्या. साध्या सर्दी-खोकल्यासाठी औषध घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद होत होती आणि मूत्रपिंडे निकामी होत होती. काही मुलांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांसारख्या द्रावकांमध्ये हे द्रव्य ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आहे.

लोटेकरांना यातला मुद्दा इतरांपेक्षा लवकर कळेल. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल ही रसायने रंगात, प्लास्टिकमध्ये, शीतकरणाच्या यंत्रणेत वापरली जातात आणि सिरपमध्येही वापरली जातात. फरक असतो तो दर्जाचा. औद्योगिक दर्जाच्या पिंपात काय काय मिसळले असेल, याची औषधाच्या दृष्टीने तपासणी झालेली नसते. औषधी दर्जाच्या पिंपाची ती व्हावीच लागते. डायएथिलीन ग्लायकॉल रंगहीन, दाट आणि चवीला गोड असते. ते ग्लिसरीनमध्ये मिसळले तर डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला काही कळत नाही. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे विघटन होते, त्यातून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. लहान मुलाचे वजन कमी असल्याने थोड्या मात्रेतही नुकसान मोठे होते.

महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा एका बाटलीमागची सगळी साखळी उघडी पडली : औषध कोणाकडून घेतले, कोणी तपासायला हवे होते आणि कोणी तपासले नाही. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रव्यात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरहून अधिक जीव घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला.

आता मेडिकलचा प्रश्न. सिरपमध्ये विष आहे की नाही, हे दुकानदाराला कळणे शक्य नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या निरीक्षकालाही ते नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतले गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र लागते. मग दुकानाच्या तपासणीचा उपयोग काय? उपयोग असा की, ज्या दिवशी ‘ही बॅच विकू नका’ असा आदेश निघतो, त्या दिवशी प्रत्येक दुकानात ती बॅच आहे का, किती बाटल्या आल्या, किती गेल्या, कोणाला गेल्या, हे सांगता आले पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एसआर-१३ बॅचची विक्री तत्काळ थांबवण्याचे आणि साठा असल्यास कळवण्याचे आवाहन केले. खरेदीची बिले नीट लावलेल्या दुकानात याचे उत्तर दहा मिनिटांत मिळते. जिथे माल ‘असाच’ आणला जातो, तिथे ते मिळतच नाही. आणि ज्या गिऱ्हाईकाने बिल घेतलेले नाही, त्याच्यापर्यंत निरोप पोहोचवायचा तरी कसा?

कायदा काय सांगतो

औषध व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. या नियमांनुसार किरकोळ औषध दुकानाची जागा किमान १० चौरस मीटर असावी लागते. साध्या औषधांचा परवाना वेगळा, लस, इन्शुलिन, सीरम अशा जैविक औषधांचा वेगळा. परवाने दुकानात दिसतील असे लावायचे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचे. १९४८ चा फार्मसी कायदाही हेच सांगतो.

औषध निरीक्षकाने आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येक परवानाधारक दुकानाची वर्षातून किमान एकदा तपासणी करावी, असा नियम आहे. किमान एकदा. म्हणजे नियम तंतोतंत पाळला गेला तरी उरलेले ३६४ दिवस ते दुकान स्वतःच्या शिस्तीवर आणि गिऱ्हाइकाच्या नजरेवर चालते. २०१७ पासून परवान्याची मुदत ठरावीक वर्षांनी संपणे बंद झाले. दर पाच वर्षांनी शुल्क भरत राहिले की तो निलंबित किंवा रद्द होईपर्यंत चालू राहतो. दुकानदाराची कागदपत्रांची दगदग वाचली हे चांगलेच झाले. पण नूतनीकरणाच्या निमित्ताने दुकान पुन्हा डोळ्यांखालून घालण्याची एक संधीही गेली. त्यामुळे वार्षिक तपासणीचे महत्त्व वाढले.

यात एक अपवाद कोकणातल्या वाड्यांना माहीत असावा. एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात काही ठरावीक घरगुती औषधे विकायला परवाना लागत नाही. मात्र ती परवानाधारकाकडूनच घेतलेली आणि मूळ बंद वेष्टनातच असावी लागतात. किराणा दुकानात सुट्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळत असतील, तर त्या या सवलतीत बसत नाहीत.

निरीक्षक आल्यावर

दुकानात आलेला निरीक्षक सर्वप्रथम फार्मासिस्ट कुठे आहे, हे पाहतो. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर माणूस दुसराच, ही महाराष्ट्रातली जुनी दुखरी नस. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना या मुद्द्यावर राज्यभर कडक तपासणी झाली आणि औषध विक्रेत्यांच्या संघटना बंदची हाक देऊन रस्त्यावर उतरल्या. दुकानदारांचे म्हणणे असे की, लहान गावात पूर्ण वेळ फार्मासिस्टचा पगार परवडत नाही. त्यात तथ्य आहे. पण फार्मासिस्ट हा दुकानाची शोभा वाढवायला ठेवलेला माणूस नाही. डॉक्टरच्या अक्षरात मिलिग्रॅमचा गोंधळ झाला, दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगवेगळ्या नावाने लिहिले, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कोणी वेदनाशामक मागितले, तर अडवणारा तोच असतो. तो नसेल तर आपण फक्त पुडी बांधणाऱ्याकडून औषध घेत असतो.

यानंतर कागद. खरेदीची बिले परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडची आहेत का? बिलावरचा बॅच नंबर आणि फडताळातल्या पट्टीवरचा नंबर जुळतो का? निरीक्षक साधारणपणे एखादे औषध निवडतो आणि विचारतो : किती आले, किती विकले, किती उरले? कारखान्यातल्या साठ्याच्या ताळेबंदासारखेच हे गणित आहे. ते जुळले नाही, तर एकतर माल बिलाशिवाय आला आहे किंवा बिलाशिवाय गेला आहे.

पुढे येते ती ‘एच-१’ची वही. २०१४ च्या मार्चपासून तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स, कार्बापेनेम्स, क्षयाची औषधे, अल्प्राझोलाम आणि ट्रॅमाडॉलसारखी सवय लावणारी औषधे यांची विक्री स्वतंत्र वहीत नोंदवावी लागते. डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. ‘सेफिक्झिमच्या चार गोळ्या द्या’ म्हणून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेणारा आणि देणारा, दोघेही या वहीला बगल देतात. तीन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध अर्धवट सोडले जाते, जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि पुढच्या वेळी ते औषध चालत नाही. नुकसान फक्त त्या घराचे होत नाही, सगळ्या गावाचे होते.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे : त्वचेची मलमे. रसायनांच्या कामात हातापायांना खाज, पुरळ, इसब होण्याचे प्रमाण जास्त असते. मेडिकलमधून एखादे मलम घेतले की दोन दिवसांत खाज थांबते, कारण त्यात तीव्र स्टिरॉइड असते. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते दबून पसरत जाते. २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमे ‘एच’ सूचीत घालण्यात आली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कामामुळे होणारी त्वचेची तक्रार कारखान्याच्या डॉक्टरला दाखवली, तर तिची नोंद होते आणि कारणावर उपाय होऊ शकतो. मलमाने ती फक्त झाकली जाते.

निरीक्षक याशिवाय मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून ठेवला आहे का, ते पाहतो. डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने किंवा सरकारी पुरवठ्याची औषधे दुकानात आढळली, तर तो गंभीर प्रकार ठरतो. जनावरांची औषधे माणसांच्या औषधांपासून वेगळी ठेवलेली असावी लागतात. शेवटी तो आपले निष्कर्ष तपासणी वहीत लिहितो. ही वही दुकानात ठेवणे बंधनकारक आहे.

चार पुड्यांचा नमुना

शंका आली किंवा नेहमीच्या कामाचा भाग म्हणून निरीक्षक औषधाचा नमुना घेतो. तो फुकट उचलून नेत नाही. कायद्याप्रमाणे योग्य किंमत देऊ करतो आणि नमुना घेतल्याचा लेखी कागद देतो. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद केले जातात. एक दुकानदाराकडे, एक सरकारी विश्लेषकाकडे, एक गरज पडल्यास न्यायालयासाठी आणि एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. निकाल मान्य नसेल तर अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत हरकत घेता येते. संशय दाट असेल तर निरीक्षक तो साठा २० दिवसांपर्यंत न विकण्याचा लेखी आदेश देऊ शकतो किंवा जप्तही करू शकतो.

ही पद्धत सर्व बाजूंना न्याय देणारी आहे, पण तिला वेळ लागतो. राज्यात एफडीएच्या औषध प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या एका शासकीय रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे उघड झाले. पुढे पोलिसांच्या आरोपपत्रात, टाल्कम पावडर आणि स्टार्च वापरून अशा बनावट गोळ्या बनवल्या गेल्या, असा आरोप ठेवण्यात आला. अहवाल येईपर्यंत त्या गोळ्या किती रुग्णांच्या पोटात गेल्या असतील, याचा विचार केला म्हणजे जलद तपासणी का हवी, ते कळते.

असे असले तरी घाबरून जाऊ नये. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात तपासलेल्या नमुन्यांपैकी ३.१६ टक्के अप्रमाणित आणि ०.०२४५ टक्के बनावट निघाले होते. किरकोळ दुकानांतल्या नमुन्यांत अप्रमाणिताचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते, सरकारी पुरवठ्यातल्या नमुन्यांत ते दहा टक्क्यांवर गेले होते. म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारे बहुतांश औषध ठीक असते. प्रश्न त्या शंभरातल्या तिघांचा आहे. आपल्या हातात आलेली पट्टी त्यातली आहे का, हे आपल्याला कळत नाही.

‘अप्रमाणित’ म्हणजे नेमके काय? कधी औषधाचा अंश कमी भरतो, कधी गोळी पोटात ठरलेल्या वेळेत विरघळत नाही. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या दोषाचे मोल कोकणातल्या माणसाला विंचवाच्या उदाहरणाने कळेल. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या दंशाने हृदय कोलमडते आणि फुप्फुसांत पाणी भरते. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी या रुग्णांना वेळेत दिली तर ते वाचतात, हे दाखवून दिले. १९८६ मध्ये त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुपयांच्या गोळीने कोकणात हजारो जीव वाचले. पण वाचवण्याचे काम त्या गोळीत लिहिल्याइतके औषध असेल तरच होते.

पाऊस, दमट हवा आणि गेलेली वीज

कारखान्यातून चांगले निघालेले औषध दुकानात बिघडू शकते आणि कोकणात हा धोका जास्त आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की मिठाच्या बरणीला पाणी सुटते. तोच ओलावा औषधालाही लागतो. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीला ओल लागली की तिचे विघटन होऊन व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. अमॉक्सिसिलिनबरोबर असणारे क्लाव्युलेनिक आम्ल ओलाव्याने पटकन निकामी होते. म्हणूनच त्या गोळ्या जाड अ‍ॅल्युमिनियमच्या वेष्टनात येतात आणि त्या आधीच फोडून डबीत भरून ठेवू नयेत.

इन्शुलिन, लसी, काही डोळ्यांचे थेंब २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागतात. तपासणीत फ्रिज आहे का, एवढेच पाहून भागत नाही. त्यात तापमापक आहे का, नोंद ठेवली जाते का आणि वीज गेल्यावर काय करता, हे प्रश्न महत्त्वाचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दुकानाला जनित्र किंवा इन्व्हर्टर नसेल, तर फ्रिज म्हणजे नुसते कपाट. इन्शुलिन गोठले तरी बिघडते. म्हणून ते बर्फाला किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नये. दुकानातून घरी नेताना उन्हात तापलेल्या दुचाकीच्या डिकीतही टाकू नये.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. पुराच्या पाण्यात भिजलेले औषध, पट्टी वरून अखंड दिसत असली तरी, वापरायचे नाही. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीतून पाणी आत जाते, लेबलवरची माहिती पुसते आणि बाटलीच्या झाकणाखाली गाळ अडकतो. पुरानंतर ‘स्वस्तात माल’ कुठे मिळत असेल तर तो कुठून आला असेल, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. पूरग्रस्त भागात तपासणी वाढवावी लागते ती यासाठीच.

एक निरीक्षक, किती दुकाने?

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये सुचवले होते की, औषधांच्या दर २०० दुकानांमागे एक आणि दर ५० कारखान्यांमागे एक निरीक्षक असावा. साधे गणित करू. वर्षात कामाचे अडीचशे दिवस धरले तर २०० दुकाने म्हणजे जवळजवळ रोज एक दुकान. त्यातच नमुने, न्यायालयाच्या तारखा, तक्रारी, नवे परवाने आणि एखादी बॅच परत मागवण्याची धावपळ. म्हणजे शिफारशीइतकी माणसे असली तरी हात भरलेले आहेत, कमी असली तर वर्षातून एकदाचा नियमही कागदावरच राहणार. एफडीएचे जिल्हा कार्यालय रत्नागिरीत आहे, लोट्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात परशुराम घाटाची अवस्था ज्यांना माहीत आहे, त्यांना हे अंतर नकाशापेक्षा लांब वाटेल.

तपासणीनंतरच्या कारवाईतही एक पेच आहे. त्रुटी आढळल्या तर कारणे दाखवा नोटीस निघते, दुकानदाराला म्हणणे मांडायची संधी मिळते, मग परवाना काही दिवस निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्यावर तीन महिन्यांच्या आत राज्य शासनाकडे दाद मागता येते. पण रात्री अकरा वाजता उघडे असणारे पंचक्रोशीतले एकमेव मेडिकल पंधरा दिवस बंद झाले, तर शिक्षा दुकानदाराबरोबर गावालाही होते. म्हणून नोंदवहीतली किरकोळ चूक आणि बिलाशिवाय आणलेला माल यांना एकाच तराजूत तोलू नये. पहिल्या प्रकारात शिकवून, मुदत देऊन पुन्हा तपासणी करावी. दुसऱ्या प्रकारात गावाची गैरसोय हे कारण पुढे करून सूट देऊ नये. संशयित औषध चोवीस तास मिळण्यापेक्षा एखादा दिवस औषध न मिळणे परवडते.

प्रामाणिक दुकानदाराला तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याने परवानाधारकाकडून माल घेतला असेल, तो नीट ठेवला असेल आणि काळजी घेऊनही दोष कळणे शक्य नव्हते असे दाखवले, तर कायदा त्याला संरक्षण देतो. त्याची ढाल म्हणजे खरेदीचे बिल. बिलाशिवाय दोन टक्के स्वस्त मिळणारा माल घेतला की ती ढाल त्याने स्वतःच्या हाताने टाकलेली असते.

गिऱ्हाइकाची पाच मिनिटांची तपासणी

निरीक्षक वर्षातून एकदा येतो, आपण महिन्यातून दोनदा जातो. आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, पण पुढच्या गोष्टी कोणीही करू शकतो.

बिल मागा आणि त्यावर औषधाचे नाव, बॅच नंबर व मुदत आहे ना, ते पाहा. दहा रुपयांच्या औषधाचेही बिल मागण्यात संकोच नको. चार गोळ्या कापून घेतल्या तर पट्टीवरचा बॅच नंबर आणि मुदत असलेला भाग दुकानदाराकडे राहू शकतो. तेव्हा तर बिल हवेच.

फार्मासिस्ट कोण, ते विचारा. त्यांच्या अंगात पांढरा अ‍ॅप्रन आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला असावा, असे २०१५ चे नियम सांगतात. औषध जेवणाआधी की नंतर, आधीच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे त्यांनाच विचारायचे. उत्तर देण्याची जबाबदारी त्यांची आहे.

लाल रेघ ओळखा. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. दुकानदाराने नकार दिला तर रागावू नका. तो नकार देतो म्हणजेच दुकान चांगले आहे.

जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. मोबाइलने तो स्कॅन केला की औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, मुदत आणि उत्पादन परवाना क्रमांक दिसायला हवा. पडद्यावरचा बॅच नंबर आणि पट्टीवरचा नंबर जुळला नाही, तर ते औषध घेऊ नका.

लहान मुलांना खोकल्याचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना अशी सिरप देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा लागत नाहीत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ही सूचना तर डिसेंबर २०२३ पासून आहे. मुलाला सिरप दिल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, ते मलूल झाले किंवा सात-आठ तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा आणि बाटली बरोबर न्या.

शेवटी तक्रारीबद्दल. गोळीचा रंग बदलला आहे, सिरपमध्ये गाळ आहे, औषधाने काहीच फरक पडत नाही किंवा भलताच त्रास झाला, तर ते औषध फेकून देऊ नका. उरलेले औषध मूळ वेष्टनासह आणि बिलासह ठेवा आणि एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही ग्राहक किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना ठरावीक शुल्क भरून, स्वतः विकत घेतलेल्या औषधाची सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकते आणि तिला सही केलेला अहवाल मिळतो. हा अधिकार फार थोड्यांना माहीत आहे. एखाद्या ग्रामपंचायतीने, महिला बचत गटाने किंवा कामगार संघटनेने यासाठी ग्राहक संघटनेची मदत घेतली, तर वर्षाकाठी चार-पाच औषधे तपासून घेणे अवघड नाही.

कारखान्याच्या दारात आलेल्या पिंपाचा नमुना घेतल्याशिवाय लोट्यातला कामगार त्याला हात लावत नाही. घरात येणाऱ्या बाटलीसाठी त्याने एवढेच करावे : बिल घ्यावे, बॅच पाहावा आणि बाटली संपेपर्यंत ते बिल जपून ठेवावे.